लेकरू एकच, नजरा दोन

वाटूर (जि. जालना) : परतूर तालुक्यातील वाटूर हे जालना-मंठा रस्त्यावरचे फाट्याचे गाव. येथे काय, किंवा मराठवाड्यातील अन्य कोणत्याही गावात काय, लहान मुलासाठी सर्वांत सहज तोंडी येणारा शब्द आहे ‘लेकरू’. ‘लेकरू रडतंय’, ‘लेकराला ताप आलाय’, ‘लेकरं शाळेत गेली’. हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ‘मूल’ आणि ‘बाळ’ हेही तसेच. मराठी भाषेने लहानग्यांसाठी एक अशी जागा राखून ठेवली आहे, की जेथे तो मुलगा की मुलगी हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवता यावा.

व्यवहारात मात्र ही मुदत फार थोडी असते. जन्माची बातमी देतानाच पेढे वाटायचे की बर्फी, हे ठरते आणि मिठाईचा पुडा पाहून आलेल्याला न विचारताच काय झाले ते कळते. त्यानंतर ते लेकरू रडले, हसले, रांगले, पडले, हट्टाला पेटले किंवा गप्प बसून राहिले, तरी पाहणारा आधी त्याचे लिंग पाहतो आणि मग त्याच्या कृतीचा अर्थ लावतो. मुलगा पाय झाडू लागला, की तो ‘दांडगा’ ठरतो. मुलीने तेच केले, की ती ‘चिडकी’. मुलगा उलट बोलला तर ‘तोंडाळ आहे, पण हुशार आहे’ आणि मुलगी उलट बोलली तर ‘पोरीच्या जातीला हे शोभत नाही’.

लिंगभावाच्या साचेबंद कल्पनांविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. परंतु ही चर्चा बहुधा मुलांना आपण काय शिकवतो, त्यांच्यावर कोणते संस्कार करतो, या अंगाने होते. त्याआधीची एक पायरी दुर्लक्षित राहते. ती म्हणजे मूल आपल्याला दिसते कसे? शिकवणे, रागावणे, कौतुक करणे, दवाखान्यात नेणे या सर्व गोष्टी त्या दिसण्यावर अवलंबून असतात. आणि दिसण्यातच गफलत असेल, तर चांगल्या हेतूने वागणारे आईवडीलसुद्धा चुकीच्या जागी पोहोचतात.

चोवीस तासांच्या आत

ही गफलत किती लवकर सुरू होते, याचा एक जुना आणि पुन्हा पुन्हा उल्लेखिला जाणारा अभ्यास अमेरिकेतील आहे. १९७४ मध्ये रुबिन, प्रोव्हेन्झानो आणि लुरिया या संशोधकांनी पहिल्यांदाच आईबाप झालेल्या तीस जोडप्यांना बाळ जन्मल्यानंतर चोवीस तासांच्या आत आपल्या बाळाचे वर्णन करण्यास सांगितले. पंधरा मुलगे होते, पंधरा मुली. वजन, लांबी आणि प्रकृतीच्या तपासण्या यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तरीही मुलींच्या पालकांना आपले बाळ मऊ, नाजूक नाकाडोळ्यांचे वाटले, तर मुलग्यांच्या पालकांना ते दणकट वाटले. यातली लक्षणीय बाब अशी, की आयांपेक्षा वडिलांची वर्णने अधिक टोकाची होती. आयांनी बाळाला हातात घेतले होते. वडिलांनी तोवर केवळ काचेआडून पाहिले होते. प्रत्यक्ष अनुभव जितका कमी, तितकी साच्यातली कल्पना जास्त काम करते, असा त्याचा अर्थ घेता येईल.

दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, काँड्री दाम्पत्याने नऊ महिन्यांच्या एका बाळाची चित्रफीत दोनशेहून अधिक प्रेक्षकांना दाखवली. काहींना हे बाळ मुलगा असल्याचे सांगितले होते, काहींना मुलगी. चित्रफितीत एक खेळण्याची पेटी होती. झाकण उघडताच आतून बाहुले उसळी मारून वर येते, तशी. बाळ ते पाहून दचकते आणि रडू लागते. ज्यांना तो मुलगा वाटत होता, त्यांना त्या रडण्यात राग दिसला. ज्यांना ती मुलगी वाटत होती, त्यांना भीती दिसली. बाळ एकच, रडणे एकच, चित्रफीतही एकच.

राग आणि भीती यांतला हा फरक वरवर क्षुल्लक भासतो. पण रागावलेल्या बाळाशी आणि घाबरलेल्या बाळाशी मोठी माणसे सारखी वागत नाहीत. घाबरलेल्याला जवळ घेतले जाते, ती वस्तू दूर केली जाते. रागावलेल्याला ती वस्तू पुन्हा दाखवली जाते, त्याच्याशी खेळले जाते. एकीला ‘जगात भिण्यासारखे पुष्कळ आहे’ असे कळते, दुसऱ्याला ‘रडण्याचे काही कारण नाही’ असे. दोघांनाही ते कोणी तोंडाने सांगितलेले नसते.

न्यूयॉर्कमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास या संदर्भात फार बोलका आहे. अकरा महिन्यांच्या रांगणाऱ्या बाळांसाठी उतार कमी-जास्त करता येईल अशी एक घसरण तयार करण्यात आली. आपले बाळ किती तीव्र उतार उतरू शकेल, याचा अंदाज आईने आधी बांधायचा आणि मग बाळाला प्रत्यक्ष सोडायचे. मुलग्यांच्या आयांनी बाळाची क्षमता होती त्यापेक्षा जास्त धरली, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात उतार उतरण्यात मुलगे आणि मुली यांच्यात फरक आढळला नाही. जिने नऊ महिने पोटात वाढवले आणि त्यानंतर अकरा महिने रात्रंदिवस सांभाळले, त्या आईच्याही अंदाजात लिंगाचा काटा असा हलतो, ही गोष्ट विचारात टाकणारी आहे.

नाजूकपणाची किंमत

अर्थात, मुलगा आणि मुलगी यांत शारीरिक फरक मुळीच नाही, असे कोणी म्हणत नाही. अंगणवाडीत वाढीच्या नोंदीसाठी मुलींचा तक्ता गुलाबी आणि मुलग्यांचा निळा असतो, त्यामागे शास्त्रीय कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडानुसार एक वर्षाच्या मुलग्याचे मध्यम वजन सुमारे ९.६ किलो आणि मुलीचे सुमारे ८.९ किलो असते. फरक आहे, पण तो इतकाच, सातशे ग्रॅमच्या आसपासचा. दोन्ही तक्त्यांवरील रेषा परस्परांच्या इतक्या जवळून जातात, की पुष्कळशा मुली पुष्कळशा मुलग्यांपेक्षा वजनाने भरतात. रंगांची निवड मात्र आरोग्यखात्याने समाजाकडून घेतली आहे, हे खरे.

अडचण होते ती या सातशे ग्रॅमचा विस्तार जेव्हा स्वभावापर्यंत, भुकेपर्यंत आणि दुखण्यापर्यंत केला जातो तेव्हा. मुलगी वजनाने कमी भरली, तर ‘पोरी नाजूकच असतात’ हे वाक्य तयार असते आणि त्या वाक्याच्या आड कुपोषण दडू शकते. मुलगा कमी भरला तर तेच घर धावपळ करते.

भारतात मुलींच्या वाट्याला आईचे दूधही कमी काळ येते, असे सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे २०११ मध्ये दाखवून दिले. मुलगी झाल्यावर मुलग्यासाठी लवकर दिवस राहावेत म्हणून तिचे अंगावरचे दूध लवकर तोडले जाते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. म्हणजे यात मुलीचा तिटकारा असतोच असे नाही. पुढच्या बाळाचा हिशेब असतो आणि त्या हिशेबात पाळण्यातले बाळ मागे पडते.

दुखण्याच्या बाबतीतही तेच. २०१९ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच वर्षांच्या एका मुलाची चित्रफीत लोकांना दाखवली. त्याच्या बोटातून तपासणीसाठी रक्त घेतले जात होते. निम्म्यांना त्याचे नाव सॅम्युएल सांगितले, निम्म्यांना सॅमँथा. ‘सॅम्युएल’ला जास्त दुखत असावे, असे लोकांनी नोंदवले. मुली लगेच रडतात, मुलगे सहसा रडत नाहीत. म्हणून मुलगा रडला म्हणजे खरोखरच दुखत असणार, असा हा तर्क. ‘मुली नाजूक’ या समजुतीने मुलीची अधिक काळजी घेतली जाते, असा एक गोड गैरसमज आहे. येथे घडते ते उलटच. नाजूक म्हणून ती रडते, आणि रडतेच म्हणून तिच्या रडण्याला किंमत नाही.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०१६ या एका वर्षात बाह्यरुग्ण विभागात आलेल्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुष रुग्णांच्या तुलनेत स्त्री रुग्ण अपेक्षेपेक्षा फारच कमी होत्या. लहान वयाच्या मुली आणि दूरच्या राज्यांतून येणाऱ्या स्त्रिया यांच्यात ही तूट अधिक होती. जवळच्या दवाखान्यात मुलीलाही नेतात. एसटीचे भाडे, दोन दिवसांचा रोजगार आणि मुक्कामाचा खर्च करून शहरात न्यायचे झाले, की विचार सुरू होतो. वाटूरसारख्या गावातून जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथील मोठे रुग्णालय गाठायचे म्हणजे हाच हिशेब आला.

नाजूकपणाचा हा सिद्धांत सोयीप्रमाणे गुंडाळूनही ठेवला जातो, हे मराठवाड्यात वेगळे सांगायला नको. सायकलवर चार किलोमीटर एकटीने जायचे म्हटले की मुलगी नाजूक असते. कापूस वेचणीच्या दिवसांत ओटीत कापूस भरून, गाठोडे डोक्यावर घेऊन बांधावर येणारी तीच मुलगी मात्र कोणाला नाजूक वाटत नाही. पाण्याचा हंडाही तिच्यासाठी जड नसतो. वेचणी हे ‘बायकांचे काम’, कारण त्यांची बोटे चपळ असतात, असे सांगितले जाते. शाळेत चित्रकलेचा किंवा शिवणाचा तास असला की मुलग्यांची बोटेही तितकीच चपळ असल्याचे दिसते, पण शेतात ती चपळाई कोणाला आठवत नाही.

आकड्यांतील मराठवाडा

नजरेतील हा भेद अखेर आकड्यांत उतरतो. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४. जालना जिल्ह्यात २००१ मध्ये ९०३ असलेला हा आकडा २०११ मध्ये ८७० वर आला. शेजारच्या बीडमध्ये तो ८०७ पर्यंत घसरला होता आणि त्याने राज्यभर खळबळ उडवली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे गावागावांचे चित्र पाहायचे तर २०११ च्याच आकड्यांकडे वळावे लागते.

महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्या सहा वर्षे आधी केला होता, ही गोष्ट या घसरणीच्या पार्श्वभूमीवर मुद्दाम आठवावी अशी आहे. त्याही आधी, १९८३ मध्ये, स्त्रीमुक्ती संघटनेचे ज्योती म्हापसेकर लिखित ‘मुलगी झाली हो’ हे नाटक रंगमंचावर आले आणि गावोगावी पोहोचले. म्हणजे कायदा होता, प्रबोधन होते आणि तरीही सोनोग्राफी यंत्राने जुनी इच्छा नव्या तंत्राने पुरवली.

जी मुलगी जन्माला आली, तिच्याकडे पाहण्याची नजर कधी कधी थेट तिच्या नावात उतरते. सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’, ‘नकुशी’ अशी नावे असलेल्या मुली मोठ्या संख्येने आढळल्या. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगीच झाली, की ‘आता नको’ या अर्थाने हे नाव ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभपूर्वक २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्या वेळी देशभरातील वृत्तपत्रांनी या घटनेची दखल घेतली. दिवसातून पन्नास वेळा ज्या नावाने हाक मारली जाते, शाळेच्या हजेरीत जे नाव पुकारले जाते, ते नावच ‘तू नको होतीस’ असे सांगत असेल, तर त्या मुलीकडे वर्गातली मुले, शिक्षक आणि पुढे सासरचे लोक कसे पाहत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. सगळ्याच नकुशांना घरी वाईट वागवले जात होते, असेही नव्हे. पुष्कळ ठिकाणी ते नाव सवयीने, काही मनात न ठेवता उच्चारले जाई. साचेबंद कल्पनांची ताकद नेमकी येथेच असते. त्या उच्चारताना कोणाला काही वाईट बोलल्यासारखे वाटत नाही.

मुलीला ‘मोठी’ समजण्याचे वयही मुलग्यापेक्षा लवकर येते. तेराचौदा वर्षांचा मुलगा ‘अजून लहान आहे, कळत नाही’ आणि त्याच वयाची मुलगी ‘लग्नाला आली’. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. जालन्याला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मे होते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण, हुंडा, गावात माध्यमिक शाळा नसणे अशी अनेक कारणे यामागे सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. पण या सर्व कारणांना एक गोष्ट आधी लागते. पंधरा वर्षांची मुलगी ही ‘लेकरू’ आहे, हे कोणाला दिसता कामा नये.

‘अभ्यासू’ आणि ‘हुशार’

शहरी वाचकाला वरील चित्र दूरचे वाटू शकेल. शहरात पेढे-बर्फीचा भेद पुष्कळसा मावळला आहे, एकुलत्या एका मुलीवर जीव ओवाळून टाकणारे पालक घरोघरी आहेत. परंतु शहरातही एक भेद टिकून आहे आणि तो कौतुकाच्या भाषेत लपलेला असल्याने लवकर ध्यानात येत नाही. पालकसभेत मुलीबद्दल ‘अभ्यासू आहे, अक्षर सुंदर आहे, नीटनेटकी आहे’ असे ऐकू येते. मुलग्याबद्दल ‘हुशार आहे हो, फक्त अभ्यास करत नाही’.

महाराष्ट्रातील बोर्डाचे निकाल वर्षानुवर्षे मुलींच्या बाजूने लागतात. २०२४ मध्ये दहावीला ९७.२१ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९४.५६ टक्के. बारावीला मुली ९५.४४ टक्के, मुलगे ९१.६० टक्के. ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा तर वृत्तपत्रांनी जणू छापूनच ठेवलेला असतो. मग प्रवेशाच्या वेळी काय होते? देशातील आयआयटी संस्थांमध्ये पदवी अभ्यासक्रमात मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली राहिल्याने २०१८ पासून त्यांच्यासाठी अतिरिक्त जागा निर्माण कराव्या लागल्या. आधी १४ टक्के, नंतर १७ आणि पुढे २० टक्के असे लक्ष्य ठेवण्यात आले. दहावीच्या गणितात मागे नसलेल्या मुली दोन वर्षांत कोठे गेल्या? त्यांची बुद्धी कमी झाली नव्हती. महागडी शिकवणी, परगावी राहणे आणि एखादे वर्ष वाया जाण्याची जोखीम, ही गुंतवणूक ‘हुशार’ मुलासाठी केली जाते. ‘अभ्यासू’ मुलीसाठी जवळचे महाविद्यालय पुरेसे मानले जाते.

मुली स्वतःही हे फार लवकर शिकतात. बियान, लेस्ली आणि सिम्पियन यांचा २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पाच वर्षांची मुले-मुली ‘अतिशय हुशार माणूस कोण?’ असे विचारल्यावर आपापल्या बाजूचाच माणूस निवडतात. मुलगे पुरुष निवडतात, मुली स्त्री. सहाव्या-सातव्या वर्षी मात्र हुशार म्हणून स्त्री निवडणाऱ्या मुली कमी होतात. त्याच वयात ‘हा खेळ खूप हुशार मुलांसाठी आहे’ असे सांगितले की मुलींचा उत्साह मुलग्यांपेक्षा कमी दिसतो. ‘हा खेळ खूप मेहनती मुलांसाठी आहे’ असे सांगितले तर फरक पडत नाही. विशेष म्हणजे शाळेत चांगले गुण मुलींना मिळतात, हे या मुलींना ठाऊक होते. गुण मिळणे आणि हुशार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी मानून घेतले होते. हा अभ्यास अमेरिकेतील आहे. पण पहिलीच्या वर्गात बसलेल्या आपल्याकडील मुलीला हे ओळखीचे वाटणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही.

कौतुकाचा आणखी एक प्रकार खास आपला आहे. ‘ही माझी मुलगी नाही, मुलगाच आहे’ हे वाक्य धाडसी, कमावत्या, आईबापांना सांभाळणाऱ्या मुलीबद्दल अभिमानाने उच्चारले जाते. बोलणाऱ्याचे मन स्वच्छ असते. पण त्याचा सरळ अर्थ असा, की धाडस आणि जबाबदारी ही मुलग्याची मालमत्ता असून या मुलीने ती उसनी आणली आहे. याच्या उलट्या बाजूने, हळव्या मुलग्याला ‘बायल्या’ म्हणताना कोणाचाही हेतू स्वच्छ नसतो. मुलीला मुलगा म्हटले की बढती आणि मुलग्याला मुलगी म्हटले की शिवी! बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून याच दुहेरी मापाला सवाल केला होता. ते शहर जालन्याहून फार लांब नाही.

मुलग्यांचे नुकसान या विषयात बहुधा तळटीपेत जाते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. मुलगा म्हणजे वंशाचा दिवा आणि घराचा कर्ता. त्याला भीती वाटत नाही, त्याला दुखत नाही आणि त्याच्यावर कोणी हात टाकणार नाही, असे गृहीत धरले जाते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलण्यात आले. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला आणि त्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. हे आकडे बहुतेक पालकांना खरेच वाटत नाहीत. मुलीला कोठे एकटी पाठवायचे नाही, याचे नियम प्रत्येक घरात असतात. मुलग्याला मात्र कोणाच्याही मागे गाडीवर बसवून दिले जाते. २०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे ‘पॉक्सो’, मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. घरातली नजर अजून तो भेद करते, आणि काही घडले तरी ‘मुलगा असून रडतोस काय’ या धाकाने तो बोलत नाही.

चित्रातला भाजी निवडणारा बाप

गेल्या काही वर्षांत सरकारी पातळीवर जे बदल झाले, त्यांतील काही पैशांच्या रूपाने आहेत. २०२३ मध्ये आलेल्या ‘लेक लाडकी’ योजनेत पात्र कुटुंबातील मुलीला जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. काही बदल नावाचे आहेत. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय राज्याने घेतला. पैशांची योजना मुलीचे ‘ओझे’ हलके करू पाहते; पण ती ओझे आहे हे गृहीतक तसेच ठेवते, अशी टीका त्यावर करता येते. नावाचा निर्णय त्या मानाने बिनखर्चाचा आणि अधिक मुळाशी जाणारा म्हणावा लागेल.

पाठ्यपुस्तकांत झालेला बदल आकाराने लहान, पण या लेखाच्या विषयाशी अगदी थेट जोडलेला आहे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात स्त्री आणि पुरुष मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र छापले. स्त्री डॉक्टर आणि पुरुष स्वयंपाकी अशीही चित्रे आली आणि ‘तुम्हाला यात काय दिसते?’ अशा अर्थाने मुलांना बोलते करण्याची सूचना होती. त्यावर थोडी थट्टाही झाली. वस्तुतः त्या चित्रात क्रांतिकारक काही नाही. शहरातील अनेक घरांत दोघे मिळून भाजी निवडतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे चित्रातला बाप अस्तित्वात आहे, फक्त तो आजवर पुस्तकात येत नव्हता.

शाळेतील अशा प्रयत्नांचा उपयोग होतो का, हा प्रश्न रास्त आहे. मुंबईत २००८ ते २०१० या काळात महापालिकेच्या पंचेचाळीस शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी लिंगभाव समतेचा एक उपक्रम राबवला गेला. स्त्रियांवरील संशोधनाची एक आंतरराष्ट्रीय संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि ‘कोरो’ या संस्थांनी तो चालवला होता. यापेक्षा मोठी चाचणी हरियाणात झाली. तेथील ३१४ सरकारी शाळांपैकी जवळजवळ निम्म्या शाळांमध्ये अडीच वर्षे वर्गात चर्चा घेण्यात आल्या. बाकीच्या शाळांत काहीच केले नाही आणि मग दोहोंची तुलना केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष माफक, पण स्पष्ट आहेत. मुलामुलींची मते समतेच्या दिशेने सरकली आणि उपक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनीही तो फरक टिकून होता. घरकामात हातभार लावण्यासारख्या वागणुकीत मुलग्यांमध्ये बदल अधिक दिसला.

मुलींच्या शिक्षणाच्या आणि नोकरीच्या आकांक्षांत मात्र म्हणण्यासारखी वाढ झाली नाही. त्याचे कारण असे निघाले, की त्या आकांक्षा उपक्रमाच्या आधीपासूनच उंच होत्या. मुलींना काय व्हायचे आहे, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होते. दहावीनंतर वाटूर फाट्यावरून परतूरची किंवा जालन्याची एसटी धरायची की नाही, हा निर्णय त्यांच्या हाती नसतो. तो घेणारी माणसे त्या वर्गात बसलेली नव्हती.